हँडलवरचं प्लॅस्टिक

आमच्या धंद्यात ‘पोर्टेबल’ या शब्दाचा अर्थ एवढाच होता, की यंत्राला वर एक हँडल असे. ते हँडल कुणी धरत असे, असा मात्र गैरसमज करून घेऊ नका.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. बाहेरून सुटे भाग मागवायचे, इथे जुळवायचे, आणि कॉम्प्युटर म्हणून विकायचे, हा उद्योग. कंपनीचं पोट भरायचं ते टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. माझ्याकडे होते पोर्टेबल. तो मालकांचा, म्हणजे बोरकरसाहेबांचा, परदेशातलं कुठलंसं प्रदर्शन बघून आल्यावर सुरू झालेला शौक होता, आणि मी त्या शौकाची सगळी सेना होते.

ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शिलाई मशीनची लाकडी पेटी असते ना, तेवढा आकार. पेटीचं झाकण काढलं की तोच कीबोर्ड. आत पोस्टकार्डाहून जरा मोठा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. पडद्याशेजारी फ्लॉपी घालायच्या दोन खाचा. बॅटरी नाहीच, त्यामुळे भिंतीत प्लग असेल तिथेच चालणार. वजन पाण्याने भरलेल्या बादलीएवढं. आणि उपनगरातल्या विजेचा दाब खालीवर होतो म्हणून प्रत्येक यंत्राबरोबर आम्ही एक लोखंडी स्टॅबिलायझर द्यायचो, तो यंत्रापेक्षाही जड. म्हणजे उचलून नेण्याच्या कॉम्प्युटरबरोबर, उचलता येणार नाही अशी एक वस्तू आम्ही न चुकता देत होतो. हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

मी मूळची त्याच कंपनीतली टायपिस्ट. पोर्टेबलचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे. टाय बांधणाऱ्या आमच्या सेल्समननी ती पेटी उचलायला साफ नकार दिला. “आम्ही ग्रॅज्युएट झालो ते हमाली करायला नाही,” असं त्यांच्यातला एकजण सगळ्यांदेखत म्हणाला. मी मुलुंडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवत मोठी झालेले. मी म्हटलं, द्या इकडे, मी नेते. तीन आठवड्यांत कॉम्प्युटर चालवायला शिकले आणि टाइपरायटरवर कव्हर घातलं, ते पुन्हा काढायचं नाही असं ठरवूनच.

पेटी घेऊन मी उपनगरभर फिरायची. रिक्षा मिळाली तर मांडीवर, बस मिळाली तर पायाशी. कंडक्टर हमखास अडवायचे.

“बाई, शिलाई मशीनचं लगेज पडेल.”

“शिलाई मशीन नाही हो, कॉम्प्युटर आहे.”

एकदा एक कंडक्टर पेटीकडे बघून म्हणाला, “मग तर पडेलच.”

यंत्रं खपत होती, अगदीच नव्हती असं नाही. पण एका पावसाळ्यात बोरकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तसे सज्जन, पण हिशेबी. त्यांच्यासमोर दोन कोटेशनं ठेवलेली होती, एक टेबलावरच्या कॉम्प्युटरचं आणि एक पोर्टेबलचं.

“सामंतबाई, तुमचं मशीन महाग, पडदा लहान. जास्तीचे पैसे कशाचे? हँडलचे. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ते हँडल कोण वापरतं? मला एक गिऱ्हाईक दाखवा जो हे उचलून नेतो. विकत घेणारा नको, उचलणारा पाहिजे. दिवाळीला पुढचा माल मागवायचाय. उचलणारा सापडला तर पोर्टेबल चालू, नाहीतर बंद. तुमचं जुनं टेबल आहेच.”

जुनं टेबल म्हणजे टाइपरायटरचं. माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, “दाखवते,” आणि बाहेर आले. मला खात्री होती. इतकी यंत्रं विकली होती, त्यातलं एखादं तरी हिंडत असणारच.

दुसऱ्याच दिवसापासून मी जुन्या गिऱ्हाइकांकडे जायला सुरुवात केली. पहिले मुलुंड पश्चिमेचे चार्टर्ड अकाउंटंट देशमुख. कंपन्यांच्या ऑफिसात जाऊन ऑडिट करायचं म्हणून त्यांनी मुद्दाम पोर्टेबल घेतलं होतं. मी गेले तर यंत्र दिसेना. देशमुखांनी मला हौसेने आतल्या खोलीत नेलं. सुताराकडून त्यांनी सनमायका लावलेलं कपाट करून घेतलं होतं, यंत्र आत ठेवून त्याच्याभोवती ठोकलेलं. पुढून पडदा आणि कीबोर्ड तेवढा दिसत होता. आमचा सर्व्हिस इंजिनिअर नाईक दुरुस्तीला आला की आधी सुताराला बोलवावं लागे.

“आता भूकंप झाला तरी हलणार नाही,” देशमुख म्हणाले.

“पण ऑडिटला न्यायचं होतं ना?”

“मी? हे उचलून?” ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “अहो, गिऱ्हाइकाच्या दारात मी पेटी घेऊन उभा राहिलो तर तो मला सीए समजेल की मेकॅनिक?”

कपाटाच्या फटीतून मी हात घालून पाहिला. हँडलवर कारखान्यातून येताना जे पातळ प्लॅस्टिक असतं, ते तसंच होतं.

बोरिवलीच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरीणबाईंनी यंत्रासाठी एअरकंडिशन बसवलेली वेगळी खोली केली होती. बाहेर चपला काढायच्या. रोज सकाळी आया येऊन त्याला पिवळं फडकं मारत होती. वॉर्डात पेशंटजवळ नेता यावं म्हणून मी ते त्यांना विकलं होतं. “छे गं, वॉर्डात किती धूळ!” बाई म्हणाल्या. हँडलवर प्लॅस्टिक. अंधेरीच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी ते लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि तपासणी असेल त्या दिवशी बाहेर काढत. पुन्हा प्लॅस्टिक.

मी कपाळाला हात लावला. त्यांना तरी काय म्हणणार? त्या काळी कॉम्प्युटर विकण्याआधी आम्ही विचारायचो, “साइट तयार आहे का?” साइट म्हणजे गार खोली, गालिचा, चपला बाहेर, वेगळं वायरिंग. यंत्राबरोबर जे वॉरंटीचं पत्रक जायचं, त्यात ठळक ओळ होती: बसवलेल्या जागेवरून यंत्र हलवल्यास वॉरंटी रद्द. मोठ्या कॉम्प्युटरचं ते पत्रक, तसंच्या तसं पोर्टेबललाही लावलेलं. मी साहेबांकडे जाऊन म्हटलं, ही ओळ तरी काढा. ते म्हणाले, “उचलणारा आला की काढू.”

त्या रात्री जेवताना माझ्या डोक्यात देशमुखांचं हसणं फिरत होतं. आणि अचानक मला आठवलं, की मी त्यांच्या दारात उभी असताना ते गाडीतून उतरले होते आणि त्यांची ब्रीफकेस मागून शिपाई घेऊन आला होता. रिकाम्यासारखी हलकी ब्रीफकेस. आपल्याकडे मोठा माणूस स्वतःची बॅग उचलत नाही. उचलली तर तो मोठा राहत नाही. मी आजवर यंत्र विकत होते ते ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला. आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याच्याकडे शिपाईही होता. मला शोधायला हवा होता तो आपली बॅग आपण उचलणारा माणूस, आणि तीही जड बॅग.

मग मी तसे लोक बघायला लागले. घाटकोपरला एक विम्याचे सर्व्हेअर भेटले. आगी लागलेल्या गोदामांत जाऊन नुकसान मोजायचे, स्वतःची बॅग स्वतः वाहायचे. यंत्र त्यांना मनापासून आवडलं. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला: “बाई, जळलेल्या गोदामात प्लग कुठून आणू?” मी पेटीचं झाकण लावलं. पुढे काही वर्षांनी बॅटरीवर चालणारी लहान यंत्रं आली तेव्हा मला पहिले ते आठवले. पत्ता काढून मी गेले, तर ते वारल्याचं कळलं. ती हळहळ अजून आहे.

दिवाळी जवळ येत होती. गोरेगावला एक फुकट गेलेला डेमो करून मी आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसने घरी निघाले होते. पेटी पायाशी, मी वैतागलेली. झाडीतल्या एका स्टॉपवर पन्नाशीचे एक गृहस्थ चढले. एका हातात फुगलेली चामड्याची बॅग, दुसऱ्या हातात शेणाने भरलेले गमबूट. कंडक्टर म्हणाला, “बॅगेचं लगेज पडेल.”

“लगेज कसलं? अर्धा संसार म्हशींचा आहे त्यात. स्कूटर बंद पडली म्हणून तुझ्या गाडीत आलो, नाहीतर कशाला आलो असतो?” ते म्हणाले आणि बॅग स्वतःच उचलून माझ्या पेटीशेजारी आदळली. कंडक्टर पुढे गेला.

मी त्यांच्या बॅगेच्या मुठीकडे बघत राहिले. चामडं घासून काळं पडलं होतं, शिवण उसवून पुन्हा शिवलेली. मी सरकून त्यांना जागा दिली.

“काय गो बाय, शिलाई मशीन?” त्यांनी विचारलं.

ते होते डॉक्टर परब, गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी नाही, खाजगी. आरेतल्या आणि जोगेश्वरीच्या गोठ्यांतून दिवसभर हिंडायचे. मी काय विकते ते सांगितल्यावर ते स्वतःच बोलू लागले. म्हैस आजारी पडली की मालक बोलावतोच. पण रोज तिला काय खायला घालायचं, सरकी किती, चुनी किती, भुसा किती, हे कुणी विचारत नाही. ज्याचा भाव उतरला ते पोत्याने घालतात. मग दूध कमी होतं, म्हैस भाकड जाते, आणि भाकड म्हशीचं पुढे काय होतं ते मला माहीत नसेल तर बरं.

“तुम्ही हिशेब करून देत नाही?”

“देतो ना. घरी बसून रात्री आकडेमोड करतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो. तोवर बाजारभाव बदललेला आणि पोतं उघडलेलं. मालक म्हणतो, डॉक्टर, अब जाने दो. हिशेब गोठ्यात झाला पाहिजे, तो समोर उभा असताना.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मला चार दिवस द्या.”

ते माझ्यासारखे मुलुंडपर्यंत आले नाहीत, पवईलाच उतरले, पण तोवर प्रत्येक दाण्यात काय असतं आणि म्हशीला काय लागतं ते मी टिपून घेतलं होतं. चार दिवस बसून मी त्याचं गणित यंत्रात मांडलं. वर भाव घालायचे, म्हशीचं दूध घालायचं, खाली मिश्रण दिसायचं. भाव बदलला की मिश्रण बदलायचं.

डेमो गोठ्यातच करायचा असं मी ठरवलं आणि बोरकरसाहेबांना मुद्दाम बोलावलं. ते गाडीतून आले, पांढऱ्या शर्टात. स्टॅबिलायझर मी आणलाच नव्हता. डॉक्टरांच्या स्कूटरवर पायाशी पेटी मावली, आणखी काही मावणार नव्हतं, आणि जे स्कूटरवर मावत नाही ते उद्या डॉक्टर नेणार नव्हते. साहेबांनी ते बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

गोठ्याचे मालक रहमतभाई. उंच, पांढरी दाढी, सगळ्या म्हशींना नावानं ओळखणारे. “डॉक्टरसाब, ये टीवी इधर कायको?” त्यांनी विचारलं. पिंपावर फळी टाकून मी यंत्र ठेवलं. बल्बच्या होल्डरमधून वायर ओढली. पडदा हिरवा झाला, मी भाव घालायला लागले, आणि तेवढ्यात पलीकडे कडबा कापायचं यंत्र सुरू झालं. गोठ्यातले बल्ब मंद झाले आणि माझा पडदा काळा.

पुन्हा चालू केलं. पुन्हा कडब्याच्या यंत्राने जोर धरला, पुन्हा काळा.

“झालं,” साहेब म्हणाले. ते बुटांना काही लागू नये म्हणून एका विटेवर उभे होते. “चला, सामंतबाई. बघितलं आपण.”

“कटाई बंद करा की जरा,” डॉक्टर रहमतभाईंना म्हणाले.

“भैंस का खाना है, डॉक्टरसाब. मशीन के वास्ते भैंस भूखी नहीं रहेगी.”

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी एक रिकामा तेलाचा डबा उपडा घातला आणि त्यावर बसले. “कटाई कधी संपते?” मी विचारलं.

“आधा घंटा.”

“साहेब, मी थांबते. तुम्ही जायचं असेल तर जा. पण मग मला उत्तर देऊ नका, कारण तुम्ही बघितलेलं नसेल.”

मालकाशी असं बोलायची माझी छाती कशी झाली कोण जाणे. टाइपरायटरच्या टेबलाची भीती होती, तीच छाती असावी. साहेब विटेवरच उभे राहिले. डॉक्टर एका म्हशीच्या कासेला हात लावून बघत राहिले, आणि म्हशी माझ्याकडे बघत राहिल्या.

कटाई थांबली. बल्ब उजळले. मी भराभर आकडे घातले आणि खाली मिश्रण आलं. रहमतभाईंनी वाकून बघितलं, मग सरळ झाले.

“इसको बोलो, सरकी महंगी हो गई.”

मी सरकीचा भाव वाढवला. त्यांच्या डोळ्यांदेखत सरकी कमी झाली आणि चुनी वाढली.

“और चुनी भी चढ गई तो?”

मी चुनीचा भाव चढवला. ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “ये तो झगडा भी नहीं करता,” आणि तिथेच उकिडवे बसले. मग त्यांनी प्रश्नांची फैरच लावली. नवी व्यालेली म्हैस, म्हातारी म्हैस, गुजरातहून आणायची ती म्हैस. शेवटी डॉक्टरांनी हात धरून उठवलं.

निघताना डॉक्टरांच्या हातात गमबूट आणि बॅग, माझ्या हातात वायर आणि फळी. पेटी उरली. बोरकरसाहेबांनी ती उचलली आणि गाडीपर्यंत आणली. स्वतःचा माल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उचलला असावा. “केवढं जड आहे हो हे!” ते म्हणाले.

डॉक्टरांनी यंत्र घेतलं, हप्त्यांवर. सही करताना त्यांनी वॉरंटीचं पत्रक वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “हलवल्यास वॉरंटी रद्द? मग काय, म्हशी घेऊन येऊ तुमच्याकडे?”

मी त्यांचंच पेन घेतलं, त्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी माझी सही केली. मला तो अधिकार नव्हता. साहेबांना कळल्यावर त्यांचा आवाज चढला. मग खाली आला, ते अधिक वाईट होतं.

“ठीक आहे. पण एक डेमो म्हणजे उचलणारा गिऱ्हाईक नाही. आठवडाभरात तेही घरी शोकेसमध्ये जाऊन बसेल. आणि नाही बसलं, तर शेणात पडून बिघडेल. बिघडलेलं परत आलं की तुमचा विभाग त्या दिवशी बंद. माल मागवायचं मी दिवाळीनंतर महिनाभर लांबवतो. तेवढंच.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला पश्चात्ताप नव्हता. ती रेघ मला त्या दिवशी दिसलेली सगळ्यात सरळ गोष्ट वाटत होती.

दिवाळी गेली. डॉक्टरांचा फोन नाही, काही नाही. मी मुद्दाम गेले नाही. शोकेसमध्ये बसलेलं बघायची तयारी नव्हती, हे खरं सांगते. नाईक माझा बरोबरीचा, गिरगावातून येणारा, तोंडाचा फटकळ पण मनाने चांगला. तो रोज विचारायचा, “काय गं, तुझ्या म्हशी काय म्हणतात?” मी त्याला हाकलून लावायची.

माल मागवायचा आठवडा उजाडला. सकाळी मी कोटेशनं टाइप करत होते, त्या जुन्याच टाइपरायटरवर, कारण टायपिस्ट रजेवर होती. नाईक धावत आला.

“सुलू, वाट लागली. परबांचं मशीन आलंय. डॉक्टर स्वतः घेऊन आलेत. तक्रार आहे म्हणतात.”

मी कागद टाइपरायटरमध्ये तसाच सोडला. बाहेर आले तर डॉक्टर गमबूट घालून आमच्या गालिच्यावर उभे होते आणि बोरकरसाहेब केबिनच्या दारात. जमिनीवर पेटी. तिच्या कोपऱ्यांचा रंग गेलेला, एका बाजूला वाळलेला चिखल, खाचांच्या कडेला कडब्याचे तूस. वर हँडल नव्हतं. तिथे दोन्ही बिजागऱ्यांतून म्हशीचं दावं ओवून पक्की गाठ मारली होती.

“काय बिघडलं?” साहेबांनी विचारलं.

“मशीन झकास चालतंय हो. हँडल तुटलं,” डॉक्टर म्हणाले.

“हँडल? कसं काय?”

“उचलून उचलून. आणखी कसं तुटणार?”

नाईक स्टोअरमध्ये गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. “साहेब, हँडलचा स्पेअर नाहीये आपल्याकडे. आजवर कुणी मागितलाच नाही.”

बोरकरसाहेब वाकले. त्यांनी दावं मुठीत धरलं, पेटी वीतभर उचलली, आणि हळूच खाली ठेवली. हाताला लागलेली माती त्यांनी झटकली नाही.

“नाईक, या आठवड्याच्या ऑर्डरमध्ये हँडलं घाला,” ते म्हणाले.

“किती, साहेब?”

“बाईंना विचारा.”

नाईक माझ्याकडे बघायला लागला.

“डझनभर,” मी म्हटलं. “आणि माल पाठवणाऱ्यांना सांग, प्लॅस्टिक काढून पाठवा.”